कुंपणापलीकडचा पाला

पाचगणीच्या उतारावर आमच्या घरामागे सुमारे एक एकराचे रान आहे. वडिलांनी ते माझ्या हवाली करताना एवढेच सांगितले होते की, "यात काही लावू नकोस आणि यातले काही तोडू नकोस." जांभूळ, हिरडा, अंजनी व पिसा ही झाडे तेथे आपापल्या मर्जीने वाढली आहेत, आणि पावसाळा लागला की त्यांच्या सावलीत रानहळदीची फुले जमिनीतून वर येतात. विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांस मी ती तेथे नेऊन दाखविली आहेत.

या रानाच्या पूर्वेस नानांचे घर. नाना पेन्शनर असून बागेचे मोठे शौकीन. त्यांची हिरवळ दर आठवड्यास कापली जाई, दुरंताचे कुंपण छाटले जाई, आणि निघालेला सारा पाला त्यांचा माळी पाट्या भरभरून आमच्या रानात ओती. प्रथम मी काही बोललो नाही. माझ्या आईच्या अखेरच्या दुखण्यात याच नानांनी तीन रात्री तिच्या उशाशी जागून काढल्या होत्या. अशा मनुष्याकडे पाल्याच्या चार पाट्यांचे गाऱ्हाणे घेऊन जाणे मला लाजिरवाणे वाटे.

परंतु होता होता तेथे कमरेइतका ढीग झाला. ओले गवत दाबून बसले की त्यात हवा खेळत नाही. ते आंबते आणि खालच्या अंकुरांस वर येऊ देत नाही. पुढल्या पावसाळ्यात त्या जागी रानहळद उगवली नाही. उगवली ती पिवळ्या फुलांची वेडेलिया. ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. बागेत जमीन झाकण्यासाठी ती लावतात. तिच्या कांडीचा तुकडा ओल्या मातीस टेकला की पेऱ्यापेऱ्यास मुळे फुटतात. घाणेरीची कथा तरी काय निराळी आहे? तीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात शोभेसाठीच आणली गेली. पुढे तिने किती रान व्यापले, हे सहलीत तिच्या काट्यांनी ओरबाडून घेतलेल्यांस सांगणे नको.

मग मात्र मी बोललो. नाना हसले. "अहो मास्तर, पालाच तो! रानात नाही टाकायचा, तर काय दिवाणखान्यात? काचा-पत्रे टाकले असते तर गोष्ट वेगळी."

मी तडक घरी येऊन पत्र लिहिले. बागेचा कचरा ज्याचा त्याने आपल्याच आवारात वेगळा साठवावा, या २०१६ च्या घनकचरा नियमांतील कलमाचा त्यात दाखला दिला, आणि शेवटी तक्रारीची धमकीही घातली. पत्र बिनचूक होते. शुद्धलेखनाचीदेखील चूक नव्हती! ते पोहोचले आणि सात महिने दोन्ही घरांतील बोलणे खुंटले. नाताळात पाठविलेले करंज्यांचे ताट जसेच्या तसे परत आले. माझी धाकटी मुलगी व नानांची नात यांचे खेळणे बंद झाले, ते मला अद्याप बोचते. पाला मात्र आता रात्री पडू लागला.

मार्च महिन्यात एके दुपारी त्या वाळलेल्या ढिगाने पेट घेतला. कोणाची विडी पडली की काय, ते कळले नाही. मी बादल्या आणीत आहे तोच नाना पाण्याची नळी ओढीत धापा टाकत आले. आग विझली, पण दोन अंजनी होरपळल्या. नाना काळ्या पडलेल्या बुंध्यास हात लावून बराच वेळ उभे राहिले.

"मास्तर, मला वाटले होते, तुम्हांला माझी बागच खुपते."

"आणि मला वाटले, नाना, की तुम्ही मुद्दाम टाकता."

त्याच आठवड्यात त्यांच्या आवारात आम्ही दोन खड्डे खणले. आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथे बसविलेली आणि १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेली कंपोस्टाची रीत मी त्यांस सांगितली: ओला व सुका पाला, शेण आणि माती यांचे थर, अधूनमधून पाणी, तीनदा उलथापालथ, सुमारे तीन महिन्यांत खत तयार. पहिल्या खताची पाटी नानांनी स्वतः आमच्या दारी आणून ठेविली. रानात खत घालावयाचे नसते, हे सांगण्याचे त्या दिवशी मी टाळले व ती पाटी गुलाबांस घातली.

वेडेलिया अद्याप संपलेली नाही. दर पावसाळ्यात आम्ही दोघे खुरपी घेऊन ती उपटतो आणि तुकडे गोणीत भरून उन्हात पुरते वाळवितो. त्या जागी रानहळद आलेली नाही. नाना दर आदितवारी कुंपणापाशी येऊन विचारतात, "आली का हो?"