पुस्तक आणायचं कुठून?

शिरूर-दौंड भागात उर्दूचं पुस्तक हवं असेल, तर आम्ही मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या हातात चिठ्ठी देतो. शाळेची पुस्तकं बालभारतीची असतात, पहिली ते आठवी मोफत मिळतात. पण शब्दकोश, व्याकरण, मुलांच्या गोष्टी हव्या असतील तर भेंडीबाजार आणि मोहम्मद अली रोडचंच नाव निघतं. मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो. मराठीचं पुस्तक पुण्याहून लगेच येतं, उर्दूचं माणसाच्या सवडीने. म्हणून पुस्तकांच्या आयातीचा कायदा हा मला फक्त वकिलांचा विषय वाटत नाही.

एप्रिल २०१० मध्ये १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बदल करणारं विधेयक राज्यसभेत आलं. त्यात एक छोटी तरतूद होती. हक्कदाराच्या परवानगीने परदेशात छापलेलं पुस्तक कुणी भारतात आणलं, तर ती बेकायदा प्रत धरू नये, अशी. कॉलेजच्या पुस्तकांवर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. प्रकाशक जगाची अशी वाटणी करतात आणि दुसऱ्याच्या वाट्याचं पुस्तक इथे विकता येत नाही. ती भिंत या तरतुदीने पडली असती.

मग मतं आली. प्रकाशक म्हणाले, परदेशात न खपलेला माल रद्दीच्या भावात इथे येईल, भारतीय आवृत्त्या बंद पडतील, लेखकाची रॉयल्टी बुडेल. दुसरी बाजू म्हणाली, इथल्या स्वस्त आवृत्त्या जुन्या असतात, विद्यार्थ्याला नवं पुस्तक वेळेवर मिळू द्या. संसदेच्या स्थायी समितीने तरतुदीच्या बाजूने अहवाल दिला. तरीही मे २०१२ मध्ये कायदा मंजूर झाला, तेव्हा ती तरतूद त्यात नव्हती.

प्रकाशकांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. लेखकाला त्याच्या मेहनतीचे पैसे मिळायलाच हवेत. पण त्या सगळ्या वादात पुस्तक म्हणजे इंग्रजी पुस्तक, असंच धरलेलं होतं. उर्दूचं कुणी बोललं नाही.

उर्दूची गोष्ट वेगळी आहे. तिचे छापखाने दिल्ली-मुंबईत आहेत, तसे लाहोर-कराचीतही आहेत. उर्दू लुग़त बोर्डाचा २२ खंडांचा मोठा शब्दकोश कराचीत तयार झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के आयात शुल्क लागलं. मे २०२५ मध्ये पहलगामनंतर तिकडचा माल आणायला पूर्ण बंदी आली. दोन्ही हल्ल्यांत आपली माणसं मारली गेली. सरकारने व्यापार थांबवला, त्यावर मला वाद घालायचा नाही. माझं म्हणणं इतकंच की सिमेंट आणि खजुरासोबत शब्दकोशही अडला, याची साधी चर्चाही झाली नाही. बाकीच्या देशांतून येणाऱ्या छापील पुस्तकांवरही जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पाने ५ टक्के शुल्क लावलं.

पुस्तक मिळत नाही किंवा परवडत नाही, तेव्हा माणूस झेरॉक्सकडे जातो. माझी एक जुनी विद्यार्थिनी दौंडहून रोज रेल्वेने पुण्याला फार्मसीच्या कॉलेजात जाते. वडील हमाली करतात. आधी पासाचे पैसे, मग पुस्तकाचे. एका जुम्म्याच्या नमाजनंतर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “सर, पोरगी झेरॉक्सवर शिकते. हे हराम तर नाही ना?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९८८ साली कुवेतच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय फ़िक़्ह अकादमीने लेखकाचा हक्क शरियतने संरक्षित असल्याचं मान्य केलं आहे. म्हणजे अख्खं पुस्तक चोरून छापायचं आणि विकायचं, याला आपल्याकडे माफी नाही. पण आपल्या देशाच्या कायद्यातच स्वतःच्या अभ्यासासाठी आणि वर्गात शिकवण्यासाठी सवलत ठेवलेली आहे. २०१२ मध्ये तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर दावा लावला. विद्यार्थी आणि शिक्षक संघटना करून कोर्टात उभे राहिले. तीनशेहून अधिक अभ्यासकांनी पत्र काढून दाव्याला विरोध केला. ज्यांच्या पुस्तकांवरून दावा होता, असे काही लेखकही त्यांत होते. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीच्या प्रतींच्या बाजूने निकाल दिला आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. हे सगळं मी त्या बापाला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे पोरीला सांगतो, बिनधास्त शिक.”

कायद्यात आपल्या उपयोगाचं आणखी थोडं आहे. स्वतःच्या वापरासाठी परदेशातून एक प्रत आणली, तर कॉपीराइटचा भंग होत नाही. जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःसाठी करून घेता येतात. मोहल्ल्यातली लायब्ररी चालवणाऱ्यांनी ही तरतूद एखाद्या वकिलाला दाखवून नीट समजून घ्यावी.

असे बदल पुन्हा येतील आणि पुन्हा मतं मागवली जातील. नोटीस बहुधा इंग्रजीत असेल आणि मुदत थोडी. त्या वेळी प्रकाशकांचं पत्र जाईलच, आपलंही जायला हवं. उर्दू शिक्षकांच्या संघटना आहेत, लायब्रऱ्या आहेत. १९९० पासून मुस्लिम मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथे ठराव करता येतो. पत्रात तीनच गोष्टी लिहा: छापील पुस्तकावर आयात शुल्क नको, व्यापारबंदीत शब्दकोश आणि अभ्यासाच्या ग्रंथांना वेगळं काढा, आणि गावातल्या ग्रंथालयांची सवलत कमी करू नका. इंग्रजी येत नसेल तर मराठीत लिहा, उर्दूत लिहा. खाली नाव आणि गाव मात्र नक्की टाका, शिरूर असो की दौंड.