पुणे ते मिरामार, व्हाया भीती

गोव्याच्या ‘हाफ आयर्नमॅन’साठी दम कुठेही कमावता येतो. हिंमत मात्र ठरावीक ठिकाणी जाऊनच कमवावी लागते. टँक, घाट, तळं आणि समुद्र... त्याच वाटेवरची ही भटकंती!

गोव्याला जायची कारणं सांगा म्हटलं, तर आपल्याकडे यादी तयारच असते. बीच, शॅक, फेणी, कॉलेजची गँग. २०१९ मध्ये या यादीत एका हटके कारणाची भर पडली. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पहाटे हजर व्हायचं, १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ओल्या अंगानेच ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि वर २१.१ किलोमीटर पळायचं! याला म्हणतात ‘आयर्नमॅन ७०.३’. तिन्ही अंतरांची मैलांतली बेरीज ७०.३, म्हणून हे नाव. पुण्या-मुंबईची, कोल्हापूरची आयटीवाली, डॉक्टर, बँकवाली मंडळी पदरचे पैसे भरून इथे घाम गाळायला येतात.

हे खूळ मूळचं हवाईचं. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर १५ जण पहिल्या आयर्नमॅनला उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. तिथलं अंतर मिरामारच्या दुप्पट. जिंकलेल्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तास लागले. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारचं तर पाणीच संपलं, तेव्हा त्याच्या दोस्तांनी त्याला चक्क बिअर पाजली! आपल्याकडे या शब्दाला खरं ग्लॅमर आलं ते मिलिंद सोमणमुळे. २०१५ मध्ये झ्युरिकला त्याने वयाच्या ४९व्या वर्षी पूर्ण अंतर १५ तास १९ मिनिटांत कापलं.

आता तुम्ही म्हणाल, तो तर मुळात नॅशनल चॅम्पियन स्विमर! आम्ही दिवसभर खुर्चीत बसणारी माणसं. मुद्दा बरोबर आहे. पण सहा-आठ महिने नेटाने घाम गाळला तर दम येतो. अडतं ते दुसरीकडेच, पोटात येणाऱ्या गोळ्यापाशी. हा गोळा एकदम विरघळत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी एकेका जागी जावं लागतं.

थांबा पहिला : घराजवळचा टँक

सुरुवात घराजवळच्या स्विमिंग टँकवर. इथली भीती आकड्यांची. १.९ किलोमीटर म्हणजे २५ मीटरच्या टँकमध्ये ७६ लांब्या. ऐकूनच दम लागतो ना? मग जरा हिशेब करू. पोहण्यासाठी साधारण १ तास १० मिनिटं मिळतात. म्हणजे १०० मीटरला जवळजवळ ३ मिनिटं ४० सेकंद. हा वेग काही शार्कचा नाही. रोज सकाळी टँकवर येणारे निवृत्त काकाही आरामात या वेगाने पोहत असतात! शिवाय फ्रीस्टाइलच हवी असा नियम नाही. मधूनच बेडूक स्टाइल मारली तरी कुणी शिट्टी वाजवत नाही.

पुढचंही गणित असंच. पूर्ण रेसला साधारण साडेआठ तास मिळतात. पोहायला पूर्ण वेळ घेतलात, कपडे-शूज बदलायला दहा मिनिटं घालवलीत, तरी सायकलवर ताशी २२ किलोमीटरचा वेग पुरतो. शेवटी पळायला तीन तास उरतात, म्हणजे किलोमीटरला साडेआठ मिनिटं. हा कागद फ्रीजवर चिकटवा. ‘मला जमेल का?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. ‘मला १०० मीटर ३ मिनिटं ४० सेकंदांत जमतात का?’ याला असतं. आणि ते आठवड्यागणिक बदलताना दिसतं.

थांबा दुसरा : सिंहगड

पुणेकर सायकलवाल्यांची पंढरी. पायथ्यापासून आठ-नऊ किलोमीटरचा चढ, वळणावर वळण. मिरामारच्या रेसमध्ये असा घाट नाही. मग कशाला जायचं? कारण इथे घाई चालत नाही. पहिल्या दोन वळणांना जोर लावणारा पुढे सायकल हातात धरून चालताना दिसतो. हलका गिअर टाकून, शेजारच्याशी चार वाक्यं बोलता येतील इतक्या दमाने चढणारा वर पोचतो. पाय भरून आले म्हणजे पाय संपले असं नाही, हे सिंहगड शिकवतो. सात तास चालणाऱ्या रेसमध्ये ही अक्कल फार कामाला येते.

वर पोचलात की पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, हे ओघाने आलंच. पण खाली उतरल्यावर एक होमवर्क आहे. मुद्दाम चाकातली हवा सोडा आणि रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब बदला. एकट्याने! रेसमध्ये मित्राची मदत चालत नाही. पंक्चरच्या भीतीने नव्वद किलोमीटर ‘टेन्शन’मध्ये काढण्यापेक्षा दहा रविवार हात काळे करणं परवडलं.

थांबा तिसरा : कोल्हापूर

पुण्याहून गोव्याच्या वाटेवर कोल्हापूरला मुक्काम हवाच. तांबडा-पांढरा आहेच, पण हे गाव खेळाडूंचं. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहलेला वीरधवल खाडे इथलाच. जुन्या पिढीतली माणसं तर पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलल्यावर पोहायला शिकली!

इथे सामना करायचा तो ‘शिशाच्या पायां’शी. सायकलवरून उतरून पळायला लागलात की पहिली काही मिनिटं पाय आपले वाटतच नाहीत. मांड्या जड, पावलं भलतीकडेच. नवख्याला वाटतं, संपलं सगळं. यावर उपाय एकच, हा अनुभव इतक्या वेळा घ्यायचा की तो बोअर व्हावा. पहाटे कोल्हापूरहून पन्हाळा गाठा. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. परत आलात की पाच मिनिटांत शूज बदलून रंकाळ्याच्या काठाने पळा. दीड-दोन किलोमीटरनंतर पाय हळूहळू ताब्यात येतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी तुम्हाला ते ठाऊक असतं, आणि तुम्ही घाबरायच्या ऐवजी वाट बघता. मग मिसळ आहेच!

थांबा चौथा : मालवण

फोंडा घाट उतरून मालवणला आलात की पिकनिक मूड येतो. पण सगळ्यात मोठी भीती इथेच बसलीय. टँकमध्ये तीन किलोमीटर सहज पोहणारा माणूस समुद्रात पहिल्या दोनशे मीटरला गांगरतो. तळाशी काळी रेघ नाही, पंचवीस मीटरवर धरायला भिंत नाही, खालचं काही दिसत नाही आणि लाट नेमकी श्वास घेतानाच तोंडात येते. श्वास फुलतो तो दम नसल्यामुळे नाही, घाबरल्यामुळे.

म्हणून पावसाळा संपला की मालवणच्या चिवला बीचवर या. राज्यभरातले स्विमर सागरी जलतरण स्पर्धेसाठी जमतात तो हाच किनारा. पहिल्या दिवशी पोहूच नका. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून चेहरा बुडवा आणि हळूहळू श्वास सोडा. दुसऱ्या दिवशी पाठीवर तरंगा. खारं पाणी अंगाला उचलून धरतं, टँकपेक्षा जास्त. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण अंगाला कळल्याशिवाय पटत नाही. मग किनाऱ्याला समांतर शंभर-शंभर मीटर. दर सहा-आठ हातांनंतर डोकं किंचित वर काढून समोरची खूण बघायची. एखादा माड, एखादी होडी.

समुद्राचं टाइमटेबलही समजून घ्या. कोकणात जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. तरीही पाण्यात शिरण्याआधी किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला विचारायचंच. तो ‘आज नको’ म्हणाला, तर आज नको. विषय संपला. एकट्याने उतरायचं नाही, भडक रंगाची टोपी आणि कमरेला तरंगता फुगा बांधल्याशिवाय तर नाहीच. समुद्राचा धाक हवाच. दचकणं तेवढं जायला हवं.

शेवटचा थांबा : मिरामार

मांडवी जिथे समुद्राला मिळते, तिथला हा किनारा. पोर्तुगीज काळात याला गास्पर दियश म्हणत. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी इथेच आहे. रेसच्या दोन-तीन दिवस आधी या आणि सरळ पाण्यात उतरा. इथलं पाणी कोमट, त्यामुळे तरंगायला मदत करणारा वेटसूट इथे वापरता येत नाही. पण एक नियम ऐकून ठेवा. दम लागला तर सुरक्षेसाठी उभ्या असलेल्या कयाकला धरून विश्रांती घेता येते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. एवढं माहीत असलं तरी निम्मं ओझं उतरतं.

दुपारच्या उन्हात दोना पावलाच्या दिशेला एकदा पळून बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठही लागतं. किती लागतं, ते आधी स्वतःवर अजमावलेलं बरं.

रेसच्या सकाळी पोटात गोळा येणारच. अनुभवी मंडळींनाही येतो. फरक एवढाच की, तेव्हा तुमच्याकडे त्याच्याशी बोलायला काहीतरी असतं. लाट तोंडात गेली? चिवल्याला गेली होती. पाय जड झाले? रंकाळ्यावर झाले होते. यातलं काहीच पहिल्यांदा घडत नसतं. कॉन्फिडन्स कॉन्फिडन्स म्हणतात तो हाच, आणि तो जिमच्या पॅकेजमध्ये मिळत नाही.

निघण्यापूर्वी...

– डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, विशेषतः हृदयाची.
– पोहता येत नसेल तर रेसची फी भरण्याआधी टँकची फी भरा.
– महागड्या सायकलच्या आधी अंगाला बसणारी सायकल आणि चांगलं हेल्मेट.
– रेसच्या दिवशी नवीन काही नको. ना शूज, ना गॉगल, ना एनर्जी जेल.
– गोव्याची फिश थाळी आणि फेणी रेसनंतर. तोवर दोघी कुठे पळून जात नाहीत!