निघण्याची तयारी

आमच्या बोटीच्या पोटाला नऊ भोके आहेत, आणि ती सगळी माणसाने मुद्दाम पाडलेली आहेत. इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत घेणारे एक, मोरीचे एक, संडासाची दोन, मागच्या उघड्या भागात साचलेले पाणी वाहून जाण्यासाठी दोन, पंपाचे एक, आणि खोली व वेग मोजणाऱ्या यंत्रांची दोन. नवद्वारांच्या देहाची आठवण मराठी माणसाला अशा वेळी व्हायचीच. मला झाली, आणि मी ती पत्नीला बोलूनही दाखवली. ती तेव्हा फळ्यांखालच्या जागेत आडवी होऊन, दातांत टॉर्च धरून, तिसऱ्या भोकाची तोटी पान्याने सोडवत होती. "द्वारं नंतर," टॉर्च काढून ती म्हणाली, "आधी हातोडी दे."

हातोडीचा एक हलका ठोका पडला आणि तोटी तिच्या हातात आली. पितळ बाहेरून शाबूत होते. आतून त्यातले जस्त समुद्राच्या पाण्याने वर्षानुवर्षे खाऊन टाकले होते, आणि उरला होता गुलाबी रंगाचा ठिसूळ, सच्छिद्र तांब्याचा सांगाडा. याच तोटीच्या भरवशावर आम्ही दोन उन्हाळे साउथॅम्प्टनच्या आसपासच्या पाण्यात हिंडलो होतो. आता काशाच्या नव्या तोट्या बसवायच्या आणि प्रत्येकीशेजारी दोरीने एक निमुळते लाकडी बूच बांधून ठेवायचे. तोटी तुटलीच, तर ते भोकात ठोकण्यासाठी.

थोडा खुलासा करायला हवा. पत्नी इथल्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. तिच्या नोकरीमुळे मी सोलापुरातले मराठीचे अध्यापन सोडून इथे आलो, त्याला आता सतरा वर्षे झाली. चार वर्षांपूर्वी तिने एक जुनी अठ्ठावीस फुटी शिडाची बोट पाहिली आणि आम्ही ती घेतली. निवृत्तीनंतर घर विकायचे, बोटीवर राहायला जायचे, स्पेन, कॅनरी बेटे आणि मग अटलांटिक, असा बेत होता. इंग्रजीत याला 'क्रूझिंग' म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांत क्रूझ म्हटले की पोहण्याचा तलाव असलेले, रोषणाईचे जहाज डोळ्यांसमोर येते. त्याच्याशी याचा काही संबंध नाही. इथे आंघोळ बादलीने, आणि तीही रोज नाही.

बेत तिचा होता. ती वेंगुर्ल्याची, समुद्रासमोर वाढली, पण मुलगी म्हणून लहानपणी होडीत पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. मी सोलापूरचा. आमच्याकडे पाण्याची तयारी म्हणजे टँकर कधी येणार याची चौकशी.

माझी तयारी, अर्थात, पुस्तकांपासून सुरू झाली. दाम्पत्याने शिडाच्या छोट्या बोटीतून जग हिंडणे हा इंग्रजीतला एक भरभक्कम लेखनप्रकारच आहे. एरिक आणि सुझन हिस्कॉक हे त्यातले आद्य जोडपे म्हणता येईल. आमच्या इथून खाडीपलीकडे दिसणाऱ्या आइल ऑफ वाइट बेटावर ते राहत. 'वाँडरर थ्री' या तीस फुटी बोटीतून त्यांनी 1952 ते 1955 आणि पुन्हा 1959 ते 1962 अशा दोन पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. पुढच्या पिढीतल्या लिन आणि लॅरी पार्डी यांनी 'सेराफिन' ही चोवीस फुटांची बोट स्वतः बांधली, 1968 साली पाण्यात उतरवली, आणि तिच्यात इंजिनच बसवले नाही. ही पुस्तके मी पेन्सिल घेऊन वाचली, याद्या केल्या. डब्यांवरची कागदी लेबले काढून टाकून झाकणावर मार्करने नाव लिहावे, कारण भिजलेली लेबले तळाच्या पाण्यात उतरून पंप तुंबवतात; दोर कुठे झिजतो; नांगराची साखळी किती लांब हवी. प्रेशर कुकरवर ही मंडळी ज्या आदराने लिहितात ते वाचून करमणूक झाली. इंधन वाचते, हेलकाव्यात झाकण उडत नाही, हे आपल्या घरात कुणी कुणाला सांगितले असते तर हसले असते. माझ्या वहीत पाहता पाहता एकशे त्रेचाळीस कलमे झाली.

मात्र मराठीच्या मास्तराला या पुस्तकांत एक गोष्ट खुपत राहते. त्यांचा कर्ता सर्वत्र 'वुई' असतो: आम्ही बोट विकत घेतली, आम्ही रात्री निघालो, आम्हाला भीती वाटली नाही. हे 'आम्ही' कितपत दोघांचे आहे? इंग्रजीला तो प्रश्न पडत नाही, कारण समोरच्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला बाहेर ठेवणारे 'आम्ही' असे दोन शब्द तिच्याकडे नाहीत. एरिक हिस्कॉकची दृष्टी अधू होती. म्हणजे त्याच्या 'आम्ही'त कितीतरी वेळा सुझनचे डोळे असणार.

हे 'वुई' उसवलेले मला एकाच पुस्तकात दिसले. डर्बीच्या मॉरिस आणि मॅरलिन बेली यांनी राहते घर विकून एकतीस फुटी बोट घेतली. तिचे नावही दोघांच्या नावांची अक्षरे जुळवून ठेवले होते: 'ऑरलिन'. कल्पना मॅरलिनची होती, आणि तिला पोहता येत नव्हते. बाहेरच्या जगाचा हस्तक्षेप नको म्हणून संदेश पाठवणारा रेडिओ न्यायचा नाही, हा आग्रह मॉरिसचा. जून 1972 मध्ये ती दोघे साउथॅम्प्टनहून न्यूझीलंडकडे निघाली. 4 मार्च 1973 रोजी पॅसिफिकमध्ये एका देवमाशाच्या धडकेने बोटीला भोक पडले आणि तासाभराच्या आत ती बुडाली. रबरी तराफा आणि त्याला बांधलेली छोटी होडी यांवर त्यांनी 117 दिवस काढले. कासवे मारून खाल्ली, सेफ्टी पिना वाकवून मासे पकडले. जहाजे त्यांना न पाहता निघून गेली. मॉरिस खचत गेला, आणि मॅरलिन पुढच्या बोटीची आखणी करत राहिली, तिच्या फडताळांत काय काय भरायचे इथपर्यंत. 30 जूनला एका कोरियन मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. 1974 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात मजकूर आळीपाळीने चालतो, कधी मॉरिस लिहितो, कधी मॅरलिन. एकाच तराफ्यावरचे दोन निरनिराळे समुद्र त्यात दिसतात. सोफी एल्महर्स्टने अलीकडे, 2024 मध्ये, त्या दोघांवर पुस्तक लिहिले, ते मुळात एका लग्नाबद्दलचे आहे.

हे सारे मी पत्नीला उत्साहाने सांगत असे. दुसऱ्याच्या 'आम्ही'ची चिकित्सा करताना माझी स्वतःची सर्वनामे मात्र मी तपासली नव्हती. ती म्हणायची, "आपण सप्टेंबरात बिस्केचा उपसागर ओलांडू." मी म्हणायचो, "तुला तेव्हा वारा कुठून मिळेल?" पुण्याच्या मित्रांना फोनवर सांगायचो, "ती अटलांटिक पार करायचं म्हणतेय."

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. माणूस पाण्यात पडला तर त्याला परत कसे उचलायचे, याचा सराव करायचा होता. यासाठी एक फुगीर फेंडर बादलीला बांधून पाण्यात टाकतात. बादली अर्धी बुडते आणि माणसासारखी जड होते. प्रशिक्षणवर्गात शिकवतात की एकाने फक्त पडलेल्याकडे बोट दाखवत उभे राहायचे, नजर हलवायची नाही, कारण दोन लाटांमध्ये डोके दिसेनासे होते. वर्गात आम्ही पाचजण होतो. दोघांच्या बोटीत एक पडल्यावर बोट दाखवणारा, सुकाणू धरणारा, शीड उतरवणारा आणि दोर फेकणारा, सगळा एकच माणूस असतो. त्या दिवशी बादली म्हणजे ती होती, आणि मी एकटा होतो. ती बोटीतच, डोलकाठीला टेकून, हाताची घडी घालून बसली होती. काही बोलायचे नाही, हे ठरलेले होते.

पहिल्या खेपेला मी दहा-बारा फुटांवरून वेगाने पुढे निघून गेलो. दुसऱ्यांदा इतका हळू आलो की वाऱ्याने बोट बाजूला ढकलली. तिसऱ्यांदा बोट बादलीवर घातली. चौथ्यांदा शीड सोडवण्याच्या गडबडीत बादली कोणत्या दिशेला आहे हेच कळेना. पाचव्यांदा ती हाताला लागली. पत्नीने घड्याळ पाहिले आणि "अकरा मिनिटं" एवढेच म्हणाली. बोटीच्या रोजनिशीत तिने तो आकडा लिहिला. पाणी दहा अंशांचे होते. अशा पाण्यात साधारण दहा मिनिटांनी हात कामातून जातात, दोर फेकला तरी धरता येत नाही. हे मला तिनेच कधीतरी समजावले होते.

आपल्याकडे गाण्यात 'तयारी' शब्दाला एक छटा आहे. बैठकीहून परतताना कुणी म्हणाले, "तयारी जबरदस्त आहे हो," की ऐकणाऱ्याला न उच्चारलेला 'पण' ऐकू येतो. माझी वही ही तशी तयारी होती.

रात्री धक्क्याला बांधलेल्या बोटीत मुगाची खिचडी खाताना मी बोललो. "मला जायचं नाही असं नाही. मला जायचंय की नाही हेच मला माहीत नाही."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "चार वर्षं तू याद्याच करतोयस." मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "समुद्राची मला भीती नाही वाटत. तू नाइलाजानं आलायस हे मला कधीतरी रात्री दोन वाजता, मध्यावर, कळेल, त्याची वाटते."

त्या रात्री आमचे भांडण झाले नाही. झाले असते तर बरे, असे मला काही दिवस वाटत होते. तिला मी चार वर्षे खोटे काही सांगितले नव्हते. फक्त ती 'आपण' म्हणत असताना दुरुस्तीही केली नव्हती. आणि तिने ते ओळखूनही विचारले नव्हते, हा तिचा वाटा. तो तिने दुसऱ्या दिवशी कबूल केला.

बेत बदलला आहे. घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे. या जूनमध्ये शेरबूरला जायचे, तिथून ब्रिटनीचा किनारा, सारे मिळून अडीच महिने. पुढचे परतल्यावर. मी एकसष्टाव्या वर्षी तरणतलावावर जाऊ लागलो आहे. माझ्या तुकडीत बाकीचे सगळे सात-आठ वर्षांचे आहेत आणि ते मला प्रोत्साहन देतात.

हिस्कॉक-पार्डींच्या पुस्तकांनी ज्याची तयारी करून दिली नाही असे एक कलम आम्हाला होते. आमचे पासपोर्ट अजून भारतीय आहेत. खिडकीवरच्या मुलीने व्हिसाच्या अर्जाबरोबर परतीचे तिकीट मागितले. पत्नीने बोटीच्या नोंदणीचा कागद पुढे केला. मुलीने तो उलटून पाहिला आणि बोट कोण चालवणार, असे विचारले. पत्नी गप्प राहिली. उत्तर मीच दिले. इंग्रजीतच दिले, मराठीत ते 'आम्ही' असे होईल.

बादलीपर्यंतची माझी सर्वांत चांगली वेळ आता सहा मिनिटे चाळीस सेकंद आहे. बोट तीन आठवड्यांनी पाण्यात उतरेल. पंपाची तोटी अजून बदलायची राहिली आहे.