कोलारची सुवर्णभूमि

कौटिल्यानें उत्पत्तीवरून सोन्याचे तीन भेद केले आहेत : जातरूप, रसविद्ध आणि आकरोद्गत. पैकीं तिसरें, म्हणजे खाणींतून निघणारें सोनें, भूगर्भांत कसें सांठतें हें ज्यांस समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं एकदां कोलारची वाट धरावी. बंगारपेठेहून मारिकुप्पमकडे जाणाऱ्या आगगाडीनें आम्ही तेथें गेलों. प्रथम दृष्टीस पडतात ते खाणींच्या तोंडांवरील लोखंडी सांगाडे आणि राखी रंगाच्या टेकड्या. या टेकड्या निसर्गाच्या नव्हेत. सोनें काढून घेतल्यावर उरलेला तो दगडाचा चुरा होय.

येथील काळा खडक म्हणजे सुमारें २७० कोटि वर्षांपूर्वींचा लाव्हा. त्यांत कांहीं ठिकाणीं उशांसारखे फुगीर गोळे दिसतात; पाण्याखालीं वाहतांना लाव्हा थिजला, त्याची ती खूण. पुढें भूकवचाच्या दाबानें खडकास भेगा पडल्या व खोलवरचें तप्त पाणी त्यांतून वर चढूं लागलें. सोनें नुसत्या पाण्यांत विरघळत नाहीं; परंतु या पाण्यांत गंधक होता आणि त्याच्या संगतीनें सोनें प्रवासास निघालें. वाटेंत दाब उतरला, किंवा खडकांतील लोहानें गंधकास आपल्याकडे ओढून लोहमाक्षिक बनविलें, कीं सोन्याची संगत सुटे आणि तें तेथेंच स्थिरावे. त्याच पाण्यांतून पांढरी गारही थिजे. चँपियन नांवाची प्रसिद्ध शीर अशीच घडली. लोहमाक्षिकही पिवळेंच चकाकतें. पण घाव घातला कीं त्याचा चुरा होतो, सोनें मात्र पसरतें. परीक्षा ती हीच.

१८८० सालीं जॉन टेलर आणि मंडळींनीं येथें काम आरंभिलें. १९०२ सालीं शिवसमुद्रमहून वीज आली. शिरेचा माग काढीत माणसें तीन किलोमीटरांहून अधिक खोल उतरलीं. तेथें खडकाची उष्णता साठ अंशांवर! दाबलेला खडक मधूनच स्फोटासारखा फुटे आणि कित्येक मजूर त्याखालीं गाडले जात. एकंदर आठशें टनांवर सोनें निघालें; परंतु दगडांतील त्याचें प्रमाण घटत गेलें, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजीं खाणी बंद झाल्या.

आतां येथील हजारों माणसें पोटासाठीं रोज पहाटे आगगाडीनें बंगळुरास जातात. सायनाइडनें धुतलेल्या त्या टेकड्यांची पूड वाऱ्याबरोबर घरांत शिरते. दगडाच्या धुळीनें फुप्फुसें खालावलेले जुने खाणकामगारही येथेंच राहिले.

टनामागें चार ग्रॅम सोनें धरलें, तर एका तोळ्यासाठीं सुमारें तीन टन दगड पाताळांतून वर आणून दळावा लागतो. मुलीच्या लग्नांत आपण तोळे मोजतों. हे टन कोणी उपसले, याची आठवण घरोघर ठेवावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.