झील

पोवाडा असो वा छक्कड, रचनेतली सर्वांत अवघड जागा झिलेची, म्हणजे कडव्यानंतर परत येणाऱ्या ओळीची. कडवे शाहीर स्वतःच्या दमावर तोलून नेतो. झील आधी साथीदारांनी धरायची आणि पुढे समोर बसलेल्या माणसांनी उचलायची असते. राजकारण अंधारून येते तेव्हा कलापथकाचे खरे काम याच जागी होते. घरोघरी एकेकटी धास्तावलेली माणसे मैदानात एका ओळीवर मिळून तोंड उघडतात, आणि आपण एकटे नाही हे त्यांना भाषणापेक्षा आधी स्वतःच्या गळ्यातून कळते.

सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी हे ओळखले होते. या मंडळींनी तमाशाची बांधणी ठेवली आणि गाभा बदलला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकाने तोच मार्ग धरला. गणात गणपतीच्या जागी मायभू आणि शिवराय आले, गौळण गळाली. ढोलकी, बतावणी आणि वग राहिले. प्रेक्षकाला साचा पाठ असल्यामुळे नवा मजकूर त्याला परका वाटला नाही. सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा तोच खेळ लोकनाट्य या नावाने रंगमंचावर आला.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या कलेची कसोटी लागली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, आणि लढा संपेपर्यंत शंभरावर माणसे गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक राज्य लादले गेले. अशा दिवसांत अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड गिरणगावात घुमली. तिच्यातला विरह प्रत्येक खोलीतला होता. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराची बायको गावीच असे. त्यामुळे महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाचे दुःख त्याला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. ज्या दुःखाला माणूस आधीच सरावलेला आहे त्यावर बांधलेली झील तो विनासायास उचलतो.

पण अशी झील बांधणे फार कठीण. पहिली अडचण पट्टीची. ध्वनिक्षेपक नसताना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून शाहीर काळी चार, काळी पाचमध्ये गात आला. जमावाला ती पट्टी पेलत नाही. म्हणून कडवे कितीही वर चढले तरी झिलेची ओळ खाली उतरवावी लागते, आणि उतरवताना जोश सांडू द्यायचा नसतो. दुसरी अडचण अक्षरांची. जोडाक्षरांवर गळा अडतो. ओळ आकारावर, एकारावर किंवा ओकारावर सुटली तर तोंड आपोआप उघडते. तिसरी अडचण अंतराची. शंभर मीटरवर बसलेल्या माणसाला आवाज जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो. जलद लयीत मागच्या रांगा मात्राभर मागे पडतात आणि झील फाटते. त्यावर गळ्याचा इलाज नाही. लय किंचित बसवायची, डफाची थाप ठळक ठेवायची आणि ओळीच्या शेवटी एक श्वास मोकळा सोडायचा. झिलेची घोषणा होऊ देणे हा चौथा धोका. घोषणा एकदा देऊन होते. झील प्रत्येक कडव्यानंतर नव्या अर्थाने परत यावी लागते.

मोकळ्या सोडलेल्या त्या श्वासाशी शाहिराचा अहंकार भांडतो. जागा दिसली की तान घ्यावी, टाळी वसूल करावी असे त्याला वाटते. समोरचे लोक गाऊ लागले की स्वतःचा आवाज बुडतो, आणि ज्याने आयुष्यभर आवाजच कमावला त्याला ते सोसत नाही. ही हाव भल्याभल्यांना असते. उतारवयात वरचा षड्ज साथ सोडतो, पट्टी दोन स्वर खाली आणावी लागते आणि शाहिराला वाटते की आपली सद्दी संपली. नेमक्या त्याच काळात समोरून झील भरून येऊ लागते, कारण आता ती सर्वांच्या गळ्यात बसते. ऐन उमेदीत स्वतःहून पट्टी उतरवणारे विरळाच.

आजची घसरण याच जागेवरून मोजावी. निवडणुकीच्या प्रचारासाठी बांधलेली गाणी चालीला आकर्षक असतात, पण त्यांची झील ध्वनिमुद्रित असते. ट्रॅकवर आठ आवाज ऐकू येतात, मंचावर एकटा गायक उभा असतो आणि लोक मोबाइल वर धरून ऐकतात. ट्रॅक थांबून लोकांची वाट पाहू शकत नाही. लय मागे पडली तर सावरून घेऊ शकत नाही. सरकारी महोत्सवांतला फेटेबंद पोवाडा नीटनेटका असतो, पण त्यात कोणाला कसली भीती नसते आणि म्हणून कोणाला आधारही लागत नाही. उलट, आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यांमध्ये आजही तोंडी चालतात. ढोलकी, खंजिरी, पाच-सात माणसे आणि कडव्यापेक्षा झिलेवर मोठा होणारा आवाज, एवढ्यावर रात्र निघते.

नव्या पथकांनी पैशाअभावी ट्रॅक घेतला असेल तर तो जरूर बंद करावा. झिलेसाठी वस्तीतलीच चार माणसे घ्यावीत, सुरात कच्ची असली तरी चालतील. त्यांना ओळ आधी द्यावी, आणि पट्टी त्यांच्या गळ्याप्रमाणे ठरवावी, शाहिराच्या नव्हे.