काळा डोंगर, पंचावन्न टक्के

कोटोरच्या खाडीतून वर चढणाऱ्या जुन्या घाटाला पंचवीस वळणं आहेत आणि प्रत्येक वळणाला पाटी लावून नंबर दिलेला आहे. आंबेनळी, वरंधा, फोंडा पाहिलेल्या माणसाला वळणांचं अप्रूप नाही. पण नंबर असल्यामुळे पोट ढवळायला लागलं की अजून किती सोसायचं आहे ते तरी कळतं. बाराव्या वळणावर समोरून पर्यटकांची भलीमोठी बस आली. आमच्या टॅक्सीवाल्याने एक अक्षर न बोलता गाडी मागे घेतली, इतकी मागे की माझ्या खिडकीखाली रस्ता संपून थेट खाडी दिसू लागली. बस गेली. त्याने सिगारेट पेटवली आणि विचारलं, "इंडियात माणसं किती?"

"एकशे चाळीस कोटी."

"आम्ही सहा लाख." यात तक्रार नव्हती. थोडा अभिमानच असावा.

सहा लाख म्हणजे कोल्हापूर शहरापेक्षा थोडी जास्त वस्ती, आणि मुलूख पुणे जिल्ह्याहूनही लहान. जगाच्या नकाशावर याचं नाव माँटेनेग्रो. ते व्हेनिसवाल्यांच्या तोंडचं. इथले लोक आपल्या देशाला त्स्रना गोरा म्हणतात, म्हणजे काळा डोंगर. हा घाट ज्याच्या अंगावरून चढतो तो लोव्चेनच तो काळा डोंगर, असं टॅक्सीवाल्याचं म्हणणं. तेव्हा खाडीवर ऊन होतं आणि लोव्चेन चक्क राखाडी दिसत होता. मी ते बोललो नाही.

इथे यायचं माझं कारण जरा विचित्र होतं. लोक इथे समुद्रासाठी येतात. मला पाहायचा होता तो असा देश, जो २१ मे २००६ रोजी मतपेटीतून निघाला, आणि तोही अगदी काठावर पास होऊन.

घाट संपल्यावर न्येगुशी लागतं. इथल्या धुराच्या खोल्यांत मांसाच्या तंगड्या आढ्याला टांगून महिनोन्‌महिने वाळवतात. मी मांस नको म्हटल्यावर खानावळवालीने माझ्याकडे आजाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि चीज आणून ठेवलं. तेलात मुरलेलं, बाहेरून पिवळं, आत खडूसारखं पांढरं. दातांखाली भुरभुरायचं आणि मागून खारट चव रेंगाळायची. टॅक्सीवाला समोर बसला. त्या वर्षीच्या मतदानाबद्दल विचारलं तेव्हा त्याने कागदी रुमाल पुढे ओढला, त्यावर माझ्याच पेनाने एक उभी रेघ काढली, मध्यावर आडवी खूण करून ५० लिहिलं आणि तिच्या किंचित वर दुसरी खूण करून ५५.

"इथे," दोन खुणांमधल्या बोटभर जागेवर पेन टेकवत तो म्हणाला, "इथे अडकलो असतो तर आम्ही ना जिंकलेले, ना हरलेले."

हा ५५चा आकडा आला युरोपियन युनियनकडून. २००२ साली बेलग्रेडमध्ये करार झाला आणि त्यातून पुढच्या वर्षी युगोस्लाव्हिया हे नाव पुसून 'सर्बिया आणि माँटेनेग्रो' नावाची सैलसर जोडगोळी उभी राहिली. लोकांनी तिला चेष्टेने 'सोलानिया' म्हणायला सुरुवात केली, कारण तिच्यामागे युरोपियन युनियनचे हाविएर सोलाना होते. करारात एक पळवाट होती: तीन वर्षांनी कोणाला वेगळं व्हायचं असेल त्याने सार्वमत घ्यावं. माँटेनेग्रोचे पंतप्रधान मिलो जुकानोविच त्या तीन वर्षांवर डोळा ठेवूनच बसले होते. त्यांचं सरकार चलनात तर आधीच वेगळं झालं होतं. १९९९ मध्ये त्यांनी जर्मन मार्क आणला आणि नंतर युरो. देश युरोपियन युनियनमध्ये नाही, पण माझ्या चीजचं बिल युरोतच आलं.

मग वाद सुरू झाला तो स्वातंत्र्य हवं की नको एवढ्यावरच नाही. किती मतांनी मिळालं म्हणजे मिळालं, यावर. साधं बहुमत पुरेसं, असं सरकारचं म्हणणं. सर्बियाशी नातं टिकवू पाहणारे विरोधक म्हणाले, एक मत इकडे-तिकडे झालं म्हणून शंभर वर्षांचं घर मोडायचं? बहिष्काराची भाषा सुरू झाली. युरोपियन युनियनने मिरोस्लाव लायचाक या स्लोव्हाक मुत्सद्द्याला मध्यस्थ म्हणून पाठवलं आणि शेवटी ठरलं ते असं: निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान करायला हवं आणि वैध मतांपैकी ५५ टक्के 'होय' पडली तरच देश वेगळा. सार्वमत आयोगात सत्ताधारी आणि विरोधक समसमान, आणि अध्यक्ष फ्रांतिशेक लिप्का, तोही स्लोव्हाकच. म्हणजे दोघा भावांची वाटणी करायला तिसऱ्या गावचा पंच आणला, आणि पंच ज्या देशातून आला तो स्वतः अशाच वाटणीतून तेरा वर्षांपूर्वी जन्मलेला. गंमत अशी की झेकोस्लोव्हाकियाची ती वाटणी करताना सार्वमत कोणी घेतलंच नव्हतं.

"आणि मत कोणाला?" मी विचारलं.

त्याने पेन खाली ठेवलं. त्याचा थोरला भाऊ तीस वर्षं सर्बियात नोव्ही सादला नोकरीला. जन्म याच डोंगरातला, आईबाप इथेच पुरलेले. त्याला मत नव्हतं, कारण त्याची नोंद सर्बियात. आणि एक चुलतभाऊ अमेरिकेत, पण नाव इथल्या यादीत शाबूत. तो विमानाने आला, मत दिलं, चार दिवस दारू प्यायला, परत गेला. "भाऊ त्या दिवशी मला फोनवर म्हणाला, मी परका आणि तो घरचा?"

नियमात होतं ते एवढंच: माँटेनेग्रोत किमान चोवीस महिन्यांची कायम रहिवासाची नोंद हवी. कागदावर निर्मळ वाक्य. पण सर्बियात राहणाऱ्या अडीच लाखांहून अधिक माँटेनेग्रोवाल्यांना मत मिळावं म्हणून बेलग्रेडचं कोश्तुनित्सा सरकार भांडत होतं आणि पॉडगोरित्साचं, म्हणजे माँटेनेग्रोचं, सरकार ठाम नाही म्हणत होतं. दोघांनाही माहीत होतं की ही मतं कुठे पडणार.

हे ऐकताना मला माझे आजोबा आठवले. आईचे वडील पेडण्याचे, पण पोटासाठी गिरगावात आलेले. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाची खूण फूल आणि वेगळेपणाची दोन पानं. मुक्काम मुंबईत म्हणून आजोबांना मत नव्हतं. गावी राहिलेल्या धाकट्या भावाला होतं. आजोबा फुलाचे आणि भाऊ दोन पानांचा. बाहेरच्या गोवेकरांना मत द्या ही मागणी जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सने केली होती, म्हणजे दोन पानांच्या बाजूने. मुंबईतले गोवेकर आपले, असा त्यांचा हिशेब असणार. त्या हिशेबात आजोबांसारखे धरलेले नव्हते. मागणी मान्य झाली नाही आणि आजोबा मरेपर्यंत ज्या नियमाला शिव्या घालत राहिले, त्याने त्यांच्याच पक्षाचं भलं केलं होतं की काय, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

सिक्वेरांची दुसरी मागणी मात्र मान्य झाली. कौल होईपर्यंत विलीनीकरणवाल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने पायउतार व्हावं. ते झालं. आज वाचताना आश्चर्य वाटतं, पण त्यामुळे निकालानंतर कोणाला खुर्चीकडे बोट दाखवता आलं नाही.

त्सेतिन्ये न्येगुशीपासून जवळच आहे. ही जुनी राजधानी. आता ऐटबाज इमारतींचं, पण दुपारी झोपाळलेलं गाव. १८७८ च्या बर्लिन तहाने या डोंगराचं स्वातंत्र्य युरोपने मान्य केलं आणि मग या एवढ्याशा गावात रशिया, फ्रान्स, ब्रिटन, ऑस्ट्रिया सगळ्यांनी वकिलाती थाटल्या. फ्रेंच वकिलातीच्या भिंतींवर रंगीत फरशा बसवलेल्या आहेत. वकिलातीचा नकाशा मुळात कैरोच्या इमारतीचा होता आणि चुकून इथे आला, अशी दंतकथा गाव हौसेने सांगतं. राजवाड्याशेजारच्या दगडी वाड्याचं नाव बिल्यार्दा, कारण १८३८ साली न्येगोश या कवी-धर्मगुरू-राजाने बिलियर्डचं टेबल कोटोरहून याच डोंगरावरून इथवर वाहून आणवलं. तेव्हा हा घाट नव्हता. सोंगट्या खेळल्या असत्या तरी चाललं असतं, असं ते वाहणाऱ्यांना वाटलं असेल.

शेवटचा राजा निकोला. मुली युरोपभर दिल्या: एक इटलीची राणी झाली, दोघी रशियन राजघराण्यात पडल्या आणि थोरली झोर्का सर्बियाच्या पीटर काराजोर्जेविचला दिली. पुढे या जावयाच्या राज्याने सासऱ्याचं राज्य गिळलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये, निकोला फ्रान्समध्ये आणि सर्बियाचं सैन्य इथे असताना, पॉडगोरित्साच्या सभेने त्याला पदच्युत केलं आणि सर्बियाशी एकी जाहीर केली. त्या सभेसाठीची मतं थेट नव्हती, गुप्त तर नव्हतीच. एकीवाल्यांची यादी पांढऱ्या कागदावर छापलेली, राजाची बाजू घेणाऱ्यांची हिरव्या. तिथून दोन्ही पक्षांना नाव पडलं: पांढरे आणि हिरवे. मतपत्रिकेच्या रंगावरून माणसांना जन्मभराचं नाव पडावं, हे मी दुसरीकडे ऐकलं नाही. पुढच्या जानेवारीत, जुन्या पंचांगाच्या नाताळात, हिरव्यांनी बंड केलं आणि ते मोडलं गेलं. निकोला १९२१ मध्ये परदेशातच वारला. अस्थी त्सेतिन्येला परतल्या १९८९ मध्ये.

२००६ साली या गावाने भरभरून 'होय' दिलं. इथल्या कॅफेच्या मालकिणीने ती रात्र सांगितली: मोजणी पुरती व्हायच्या आत रस्त्यावर फटाके आणि बंदुकीचे बार. तिच्या सासूने बंदुकांचा आवाज ऐकून दारं लावून घेतली होती, सुनेने उघडायला लावली. मी १९९२ चं विचारलं तेव्हा ती हसली नाही. युगोस्लाव्हिया फुटत असताना १ मार्च १९९२ ला इथे एक सार्वमत झालं होतं. सर्बियासोबत राहायचं का? ९५.९६ टक्के 'होय'. फक्त मतदान ६६ टक्के. विरोधकांनी आणि अल्पसंख्याकांनी घरीच बसणं पसंत केलं होतं. "तेव्हा मी 'होय' दिलं," ती म्हणाली, "आणि चौदा वर्षांनी त्याच्या उलट 'होय' दिलं." तिने कप पुसला आणि विषय बदलला.

९६ टक्क्यांचा तो निकाल चौदा वर्षांत उलटला. ५५.५ टक्क्यांचा टिकला आहे. २००६ मध्ये मतदान झालं ८६.५ टक्के आणि ५५ ची रेघ ओलांडली ती सुमारे दोन हजार मतांनी. दोन हजार म्हणजे आपल्याकडचं एक लग्न. तेवढ्या 'होय'वाल्यांनी उलट मत दिलं असतं, तर निकाल अगदी रेघेवर येऊन टेकला असता. विरोधकांनी फेरमोजणी मागितली, मिळाली नाही. पण कोणी रस्त्यावर उतरून रेघेवर हल्ला केला नाही, कारण रेघ त्यांनीच मागून घेतली होती. रेघ घालण्याचे धोके स्कॉटलंडने १९७९ मध्ये पाहिले होते. स्वतःच्या विधानसभेसाठी ५१.६ टक्के 'होय' पडली, पण एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी 'होय' म्हणायला हवं अशी अट होती. घरी झोपलेला माणूसही 'नाही'मध्ये मोजला गेला आणि विधानसभा वीस वर्षं लांबली. त्या मानाने इथली रेघ प्रामाणिक होती: जे आले त्यांच्यातच मोजणी.

त्सेतिन्येच्या खोलीत रात्री झोप येईना. फोनवर गोव्याचे आकडे काढले. दोन पानं १,७२,१९१. फूल १,३८,१७०. भागाकार केला. परत केला. ५५.४८. टॅक्सीवाल्याचा कागदी रुमाल माझ्या वहीत होता. त्याच्या वरच्या खुणेच्या किंचित वर मी एक टिंब काढलं आणि 'पेडणे' लिहिलं. गोव्याला कोणी ५५ ची अट घातली नव्हती. घातली असती तरी दीड हजार मतांनी ती पार पडली असती. आजोबांनी तो रुमाल चुरगळून टाकला असता.

दोन दिवसांनी पॉडगोरित्साहून उत्तरेकडची रेल्वे धरली. बार बंदर ते बेलग्रेड, १९७६ मध्ये पुरी झालेली टिटोच्या काळातली लाइन. बोगद्यातून बाहेर येतो तोच माला रियेकाचा पूल लागतो, दरीपासून जवळजवळ दोनशे मीटर उंच. आपली कोकण रेल्वे पाहिलेला माणूसही इथे खिडकीपासून जरा मागे सरतो. याच गाड्यांतून त्या मे महिन्यात सर्बियात राहणारी, पण नोंद माँटेनेग्रोत असलेली माणसं मतदानाला आली होती.

डब्यात समोर सत्तरीची बाई होती, काळा स्कार्फ, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. शेजारचा विद्यार्थी दुभाषा झाला. तिने 'नाही' दिलं होतं. मुलगी सर्बियात, नातवंडं तिकडची. हरल्याचं दुःख झालं का विचारलं, तर म्हणाली, हरणं ठीक आहे, पण आमच्यातल्या कोणी कोणाला मत दिलं ते गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि ते अजून मोजतात. अल्बानियन लोकांच्या उल्त्सिन्यने आणि बोस्नियाकांच्या रोझायेने झोळी भरून 'होय' दिलं आणि देश त्यांनी फोडला, असंही ती म्हणाली. विद्यार्थ्याने ते वाक्य जरा चाचरतच भाषांतरित केलं. त्याचं स्वतःचं मत वेगळं होतं, चेहऱ्यावर दिसलं, पण म्हातारीपुढे तो गप्प राहिला. मग ती दोघं आपसांत बोलू लागली, एकाच भाषेत. ती त्या भाषेला सर्बियन म्हणत होती, तो माँटेनेग्रिन.

बियेलो पोल्येला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. सरहद्दीचे पोलीस डब्यात चढले. पासपोर्टची गरज नव्हती, तिला ओळखपत्र पुरत होतं. तिने पिशवीत हात घातला. कागदात गुंडाळलेलं चीज आधी बाहेर आलं, मग लोणच्याची बरणी, मग नातवाचे मोजे, आणि तळाशी कार्ड. पोलिसाने कार्ड पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत दिलं. ती काहीतरी पुटपुटली. मी विद्यार्थ्याकडे पाहिलं.

"म्हणते, पूर्वी चीज वर ठेवलं तरी चालायचं."

मी उतरलो. फलाटावरून पाहिलं तर ती पिशवी परत भरत होती, या वेळी कार्ड वर ठेवून. पुढच्या स्टेशनवर सर्बियाचे पोलीस चढणार होते.