मधली जागा मोकळी सोडताना



मागच्या भिशीला शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय हो, तुमच्या घरातून संध्याकाळी नुसतं टक... टक असं काय वाजत असतं?" म्हटलं, गिटार. "मग गाणं का ऐकू येत नाही?" सगळ्या हसल्या, मीही हसले आणि चहाचे कप उचलून आत गेले. उत्तर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. ते आज इथं लिहिते.

आमचा धाकटा बोलताना अडखळतो. लहानपणापासून. ‘म’, ‘प’, ‘इ’ अशी काही अक्षरं ओठांवर येऊन थांबतात आणि तो मान किंचित खाली घालून त्यांना ढकलत राहतो. अशा वेळी आई काय करते? मी त्याची वाक्यं पूर्ण करायला लागले. देवळात कुणी विचारलं, "बाळ, कितवीत आहेस?" की माझं उत्तर तयार. दुकानात तो "म..." म्हणाला की मी "मोहरी द्या हो" म्हणून मोकळी. त्याला त्रास नको, समोरच्याचा खोळंबा नको. आणि खरं सांगायचं तर ते दोन-चार सेकंद मलाच सोसत नव्हते. स्पीच थेरपिस्ट बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, शब्द पुरवू नका, वाट बघा. मी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा तेच केलं.

गाताना मात्र तो अडखळत नाही. असं अडखळणाऱ्या बऱ्याच जणांना गाताना त्रास होत नाही. म्हणून वाटलं, याला गाणं शिकवावं. त्याला गायचं नव्हतं, त्याला वरातीतल्या बँडमधला सॅक्सोफोन हवा होता! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. शेवटी मिरजेच्या एका बँडमास्तरांकडे तो जायला लागला. सिनेमाची गाणी वाजवता वाजवता, फोनवर ऐकत ऐकत, स्वारी जॅझकडे वळली. आणि एक दिवस म्हणाला, "आई, तुझी गिटार काढ. मला साथ दे."

माझी गिटार म्हणजे कॉलेजातली. गॅदरिंगला चार कॉर्डवर दहा-बारा गाणी निघायची, तेवढीच माझी विद्या. लग्नानंतर ती माळ्यावर गेली होती. काढली, पुसली, नव्या तारा लावल्या. आपल्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी आटोपतात, ओटा आवरला की संध्याकाळ मोकळी. आम्ही दोघं मागच्या खोलीत बसायला लागलो. तो फुंकायचा आणि मी हात वर-खाली करून सहाही तारा झोडपायची. त्यानं श्वास घ्यायला थांबलं की मी आणखी जोरात, मधली पोकळी भरायला नको का?

चार-पाच दिवसांनी त्यानं सॅक्सोफोन खाली ठेवला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. ते वाक्य बाहेर यायला बराच वेळ लागला, आणि तो काय म्हणणार याचा मला अंदाजच नव्हता, म्हणून मी गप्प. तो म्हणाला, "आई, तू गिटारवरपण माझं वाक्य पूर्ण करतेस."

त्या रात्री मला झोप आली नाही.

मग मी शिकायचं ठरवलं. मडगावचे एक सर व्हिडिओ कॉलवर गिटार शिकवतात, सत्तरी गाठलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं झोडपणं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "ताई, तुमच्या भजनी मंडळात पेटीवाला आहे?" म्हटलं, आहे. "तो गायकाच्या मागोमाग जातो, आणि गायक थांबला की ती जागा भरतो. ती आपली रीत, चांगलीच रीत. पण तुम्हाला शिकायचंय ते वेगळं आहे."

त्याचं नाव कॉम्पिंग. साथ करणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं हे छोटं रूप. जॅझमध्ये वाजवणारा तिथल्या तिथं सुरावट रचत असतो. साथीदारानं मधूनमधून कॉर्डचे छोटे ठोके द्यायचे, त्याला खाली जमीन आहे एवढं जाणवून द्यायचं, आणि बाकी जागा सोडायची. कधी ठोका द्यायचा हे कुठं लिहिलेलं नसतं. ते ऐकून ठरवायचं.

सरांनी आधी फ्रेडी ग्रीन ऐकायला लावला. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात तो 1937 साली आला आणि 1987 मध्ये वारला तोवर तिथंच होता. पन्नास वर्षं! एवढ्या काळात एकट्यानं असं तो क्वचितच वाजवायचा. गिटारला विजेची जोड नाही, प्रत्येक मात्रेला एक हलका ठोका, बस्स. समोर ट्रंपेट, ट्रोम्बोन, सॅक्सोफोनचा ताफा. त्याची गिटार वेगळी अशी ऐकूही येत नाही, पण सगळा वाद्यवृंद तिच्यावर चालतो. मला आपल्या एकत्र कुटुंबातल्या किती जणी आठवल्या म्हणून सांगू!

आठ दिवस मी नुसत्या चार मात्रा वाजवल्या. एक, दोन, तीन, चार. त्यातही गंमत अशी की आरतीला आपली टाळी सहज पहिल्या मात्रेवर पडते, इथं वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. सरांनी फोनवरचा मेट्रोनोम मिनिटाला 60 वर लावायला सांगितला आणि म्हणाले, हे ठोके एक-दोन-तीन-चार समजू नका, फक्त दोन आणि चार समजा, एक आणि तीन तुम्ही मनात धरा. पहिले तीन दिवस माझा प्रत्येक ठोका फिरून एकवर जायचा. पोळ्या लाटताना तोंडानं मोजायची. यांनी विचारलं, "पोळ्या मोजतेस का?"

मग आला चार्ल्स्टन. 1923 साली न्यूयॉर्कच्या एका संगीत नाटकात जेम्स पी. जॉन्सन यांनी बांधलेलं याच नावाचं गाणं गाजलं, नाच गाजला, आणि त्यातली लय जॅझमध्ये मुरली. तुम्हीही करून बघा. तोंडानं म्हणा, "एक-अन-दोन-अन-तीन-अन-चार-अन". टाळी फक्त दोनदा द्यायची: एकदा ‘एक’वर, आणि दुसरी ‘दोन’च्या नंतर येणाऱ्या ‘अन’वर. पुढं तीन, चार सगळं रिकामं. हात शिवशिवतात, पण टाळी द्यायची नाही. वहिनींना ऐकू येतं ते टक... टक हेच.

ठोका दिल्यावर आवाज लांबवायचा नाही हेही शिकावं लागलं. डाव्या हाताची बोटं तारांवरच ठेवून फक्त दाब सोडायचा, आवाज तिथंच बंद होतो. माझा डावा हात दाबून धरायला शिकलेला, सोडायला नाही. दोन महिने लागले. हे सुटलं तेव्हा पहिल्यांदा माझी गिटार जरा जॅझसारखी वाटली.

सगळ्यात मोठा धडा त्यानंतरचा. मी कॉर्डमध्ये सगळे स्वर वाजवत होते. सर म्हणाले, "जी सेव्हन घ्या. त्यात जी, बी, डी आणि एफ असे चार स्वर. कॉर्डची ओळख बी आणि एफ या दोघांत आहे. तुमच्याकडे बास वाजवणारा नाही, म्हणून जी ठेवा. डी काढून टाका." मी विचारलं, का? "कारण मुलाला तिथं डी हवा असेल, नाहीतर त्याच्या शेजारचा स्वर घ्यायचा असेल. त्याचं अजून ठरलेलं नाही. तुम्ही डी ठासून वाजवलात तर त्याच्या वतीनं तुम्ही ठरवून टाकलंत. मग त्यानं दुसरा स्वर घेतला की त्याचंच चुकल्यासारखं ऐकू येणार."

मी ते वहीत लिहून घेतलं. आपल्याकडे वचनगुप्ती सांगितली आहे. तिचा अर्थ मी इतकी वर्षं वाईट न बोलणं एवढाच धरला होता. चांगल्या हेतूनं बोललेलं, प्रेमानं पुरवलेलं, तेही कधी आवरावं लागतं हे मला त्या डीनं शिकवलं.

व्हिडिओ कॉलवर एक अडचण अशी की आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे सरांबरोबर एकत्र वाजवता येत नाही. मी वाजवायचं, त्यांनी ऐकायचं, मग त्यांनी वाजवायचं. मध्ये मध्ये ते जुन्या गोष्टी सांगत. 1935 साली लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्या काळातल्या गोव्याच्या वादकांनी ही कला उचलली, आणि पुढं त्यातले कितीतरी जण हिंदी सिनेमात गेले. 1951 च्या ‘अलबेला’त आपल्या सी. रामचंद्रांच्या हाताशी ट्रंपेटवाले चिक चॉकलेट होते. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे भगवानदादाचा नाच ज्यावर, तेच हे? मग आधी सांगायचं नाही का!" त्या दिवसापासून घरात जॅझला विरोध संपला.

आमच्या दोघांसाठी सरांनी एक रेकॉर्ड सांगितली, सनी रोलिन्स यांची ‘द ब्रिज’, 1962 ची. सॅक्सोफोनवर रोलिन्स, साथीला पियानो नाही, जिम हॉल यांची गिटार. रोलिन्स तेव्हा नावाजलेले होते, तरी आपलं वाजवणं आपल्याला हवं तसं होत नाही म्हणून त्यांनी 1959 मध्ये कार्यक्रम बंद केले आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकट्यानं रियाज केला. परत आल्यावरची ही रेकॉर्ड. धाकटा पुलाच्या गोष्टीनं भारावला. मी जिम हॉलला ऐकत बसले. हा माणूस किती कमी वाजवतो! कधी दोन ठोके, कधी पूर्ण ओळभर काहीच नाही. पण तो गप्प असतानाही ऐकतोय हे कळतं, कारण नंतर तो जे वाजवतो ते सॅक्सोफोननं नुकतंच म्हटलेल्याला धरून असतं.

आम्ही पुन्हा बसायला लागलो. आता तो थांबला की मीही थांबते. सुरुवातीला ती शांतता अंगावर यायची. मग लक्षात आलं, तो थांबतो तेव्हा अडलेला नसतो. पुढचं शोधत असतो. दोन मात्रा, चार मात्रा, आणि मग तो जे वाजवतो ते मी कधी कल्पनाही केली नसती असं.

हे सगळं गिटारपुरतं राहिलं असतं. पण या मे महिन्यात मुंबईहून आत्याबाई आणि मामा आले. धाकट्याची दहावी झालेली. जेवण झाल्यावर बडीशेप चघळत मामांनी विचारलं, "काय मग, पुढं काय करणार?"

धाकटा म्हणाला, "इ..."

आणि अडला. "इ... इ..." मामांच्या चेहऱ्यावर शब्द आलेला मला दिसला. यांच्याही. माझ्या तर जिभेवर होता. आमच्या घरात तो शब्द ठरलेलाच होता. थोरला इंजिनिअर, चुलतभाऊ इंजिनिअर, क्लासचे पैसे बाजूला काढलेले. मी तोंड उघडलं. मग डावा हात मांडीवर होता, त्याची बोटं मी सैल सोडली. खरंच सोडली, तारांवरून सोडते तशी. आणि मनात मोजत राहिले. एक-अन-दोन-अन. मामा बोलायला लागले तेव्हा मी हातानं "थांबा" अशी खूण केली.

किती मात्रा गेल्या ठाऊक नाही. तो म्हणाला, "इतिहास."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मामांनी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. मग धाकटा पुढं बोलत राहिला, अडखळत, पण थांबला नाही. त्याला आर्ट्स घ्यायचंय, सांगलीतच राहून, आणि हे तो सहा महिने सांगायचा प्रयत्न करत होता म्हणे. दोनदा त्यानं सुरुवात केली होती. दोन्ही वेळा मी "हो रे, इंजिनिअरिंगचं बघू नंतर" म्हणून ओट्याकडे वळले होते.

मैत्रिणींनो, तेव्हापासून एकच विचार छळतोय. मोहरीचं ठीक आहे. पण गेल्या पंधरा वर्षांत त्याची किती वाक्यं मी पूर्ण केली आणि त्यातली किती त्याची नव्हतीच? शाळेत कोणता रंग आवडतो, कोणता मित्र, कशाची भीती वाटते, सगळ्याची उत्तरं मी दिली. मिळतं-जुळतं पहिलं अक्षर असलं की भागायचं. तोही बिचारा मान हलवून सोडून द्यायचा, कारण पुन्हा सुरुवात करणं किती कठीण हे त्यालाच ठाऊक.

घरात चर्चा अजून चालू आहे. यांचा राग पूर्ण गेलेला नाही, थोरला फोनवर समजावतो, सासूबाई मात्र "शिकू दे त्याला हवं ते" म्हणतात. प्रवेशाचा अर्ज भरायला आठ दिवस आहेत. काय होईल ते नंतर कळवेन. मी माझं मत दिलंय, एकदाच, थोडक्यात.

काल रात्री मी त्याला विचारलं, "मी इतकी वर्षं मध्ये बोलायची त्याचा तुला राग येत नव्हता का रे?" तो विचार करायला लागला. मी गिटार मांडीवर घेऊन बसले होते. हात तारांवर होता, पण वाजवलं काहीच नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "ये... येत होता. पण तू खूप मनापासून वाजवायचीस."